लोण्याची लाकडी सुरी वाळताना तडकते? आधी तडा कुठे आहे ते बघा

ओल्या फांदीतून सुरी कोरली. हातात धरली तेव्हा सरळ, गुळगुळीत, देखणी होती. रात्री टेबलावर ठेवली आणि सकाळी बघितलं तर पात्याच्या टोकापासून मुठीकडे केसाएवढी चीर. दोन दिवसांत त्या चिरेत नख जायला लागलं. दुसरी सुरी केली, तिचंही तेच. तिसरीला तेल जास्त पाजलं, तरी तेच.

माझ्या पहिल्या सात सुऱ्यांपैकी पाच अशाच गेल्या. तेव्हा मी झाड बदलत राहिले. पेरू तडकला म्हणून बाभूळ घेतली, बाभूळ तडकली म्हणून आंबा. मग तेल बदललं. दोष झाडात नव्हता आणि तेलातही नव्हता. फांदीतून तुकडा नेमका कुठून काढला आणि तो कसा वाळवला, तिथेच सगळं ठरत होतं. पाचही फुटक्या सुऱ्या एका ओळीत मांडल्या तेव्हा हे दिसलं, कारण त्यांतल्या तिघींचा तडा अगदी एकाच जागेतून निघाला होता.

म्हणून फुटलेली सुरी फेकू नका. तिच्यावर कारण लिहिलेलं असतं. खिडकीशी उजेडात धरा, जमलं तर भिंग घ्या, आणि तडा कुठून सुरू होतो ते शोधा.

पात्याच्या मधोमध लांब तडा, किंवा टोकावरच्या काळपट ठिपक्यातून निघालेला तडा

सर्वांत जास्त दिसणारा प्रकार हाच. तो काळपट किंवा मऊ ठिपका म्हणजे फांदीचं भेंड, तिचा अगदी मधला बिंदू. बारीक फांदी घेतली, दोन बाजूंनी तासली आणि मधली पट्टी सुरी म्हणून ठेवली, की भेंड पात्याच्या पोटात राहतं. असं लाकूड वाळताना फुटणारच. किती काळजी घेतली यावर फक्त ते कधी फुटेल एवढंच अवलंबून.

का, ते समजून घेतलं तर पुढचे सगळे उपाय आपोआप लक्षात राहतात. लाकडात पाणी दोन जागी असतं. काही पेशींच्या पोकळीत मोकळं, काही पेशींच्या भिंतीत मुरलेलं. मोकळं पाणी उडून जातं तेव्हा लाकूड हलकं होतं, पण आकसत नाही. ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्क्यांपर्यंत उतरला की भिंतीतलं पाणी निघायला लागतं, आणि आकसणं तिथून सुरू होतं. म्हणून कोरताना सगळं ठीक असतं आणि तडा मागाहून येतो.

आता आकसणं सगळीकडे सारखं असतं तर सुरी नुसती लहान झाली असती. पण लांबीत लाकूड जवळजवळ आकसतच नाही, फार तर ०.१ ते ०.२ टक्के. भेंडापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, ढोबळ मानाने ४ टक्के. आणि घेराच्या दिशेने त्याच्या जवळपास दुप्पट, ८ टक्क्यांच्या आसपास. हे आकडे पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंतचे आहेत आणि झाडागणिक बदलतात. घेर त्रिज्येपेक्षा जास्त आकसतो, हे मात्र सहसा बदलत नाही.

५ सेंटिमीटर जाडीची अख्खी फांदी घ्या. तिचा घेर साधारण १५७ मिलिमीटर. घरातल्या हवेत ती १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळली, तर घेर साडेचार टक्के कमी व्हायला बघतो आणि त्रिज्या फक्त सव्वादोन टक्के. आतला गोल पुरेसा लहान होत नाही, वरचं कातडं मात्र आवळत जातं. दोहोंतला फरक सव्वादोन टक्के, म्हणजे १५७ मिलिमीटरच्या घेरावर साडेतीन मिलिमीटर. एवढी फट कुठेतरी पडावीच लागते. जळाऊ लाकडाच्या ढिगात प्रत्येक गोल ओंडक्याला सालीपासून मध्यापर्यंत एक मोठी भेग असते, ती हीच.

उपाय सरळ आहे. फांदी अख्खी वाळवायची नाही. ओली असतानाच भेंडातून उभी फोडायची. कोयत्याचं किंवा कुऱ्हाडीचं पातं कापलेल्या तोंडावर बरोबर भेंडावर ठेवा आणि लाकडी मोगरीने ठोका. करवतीने उभं चिरण्यापेक्षा मला फोडणं जास्त पटतं, कारण फोडताना लाकूड आपल्या धाग्यांच्या वाटेनेच उघडतं. दोन अर्ध्या फाळक्या झाल्या की त्यांच्या सपाट तोंडावर मधोमध भेंडाची रेघ दिसते. ती रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंचं निदान ५ मिलिमीटर लाकूड काढून टाका. अगदी संपूर्ण काढा. एकदा मी मुठीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं भेंड राहू दिलं होतं, कारण तिथला तपकिरी रंग छान दिसत होता. तडा बरोबर तिथूनच निघाला.

यावरून फांदी किती जाड हवी तेही ठरतं. पातं २५ मिलिमीटर रुंद हवं असेल, तर साल वगळून किमान ७ ते ८ सेंटिमीटर जाडीची फांदी घ्या. मग भेंड टाकून एका बाजूला त्रिज्येच्या दिशेने पात्याची रुंदी निघते. अशी काढलेली सुरी आकसते कमी आणि तिचं पातं खोलगटही होत नाही. अंगठ्याएवढ्या फांदीतून सुरी काढायचा मोह सोडून द्या. तिच्यातून काडी निघेल, सुरी नाही.

तडे फक्त टोकांना, बारीक आणि पुष्कळ

हे भेंडाचं काम नाही. लाकडाच्या कापलेल्या तोंडातून पाणी बाजूंच्या मानाने कितीतरी पट वेगाने निघतं. साधारण १० ते १५ पट म्हणतात, कारण पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या त्या तोंडावर उघड्या असतात. टोकाचं लाकूड आकसायला लागतं तेव्हा दोन बोटं आतलं लाकूड अजून ओलंच असतं आणि आकसायला तयार नसतं. त्या ओढाताणीत टोक चिरतं.

दोन गोष्टी करा. फांदी तोडल्या तोडल्या, त्याच दिवशी, दोन्ही तोंडांवर वितळलेलं मेण किंवा सुतारकामाचा पांढरा गोंद जाड थरात लावा. आणि सुरीच्या लांबीपेक्षा दोन्हीकडे ३-४ सेंटिमीटर लाकूड जास्त ठेवा. सुरी १८ सेंटिमीटरची करायची तर तुकडा २५ सेंटिमीटरचा. शेवटी टोकं कापून टाकताना चिरा त्यांच्याबरोबर जातात. वाटेत पडलेली फांदी उचललीत आणि तिच्या तोंडावर आधीच चिरा दिसत असतील, तर एकेक बोट कापत मागे या. प्रत्येक काप ओल्या फडक्याने पुसून बघा. पुसल्यावर वरचं पाणी वाळतं, चिरेतलं मागे राहतं आणि चीर काळी रेघ होऊन दिसते. रेघ दिसेनाशी होईपर्यंत कापत राहा.

पातं आणि मूठ जुळतात तिथे आडवा किंवा तिरका तडा

इथे दोन कारणं असू शकतात आणि ती वेगळी ओळखावी लागतात.

पहिलं, जाडीतला फरक. पातं ३ मिलिमीटरपर्यंत तासलं आणि मूठ २० मिलिमीटर जाड ठेवून सुरी तशीच वाळायला टाकली, तर पातं एका दिवसात वाळतं आणि मूठ आठवडाभर ओली राहते. दोघांच्या सीमेवर ताण साचतो. म्हणून ओल्या लाकडात पूर्ण सुरी कोरू नका. ओबडधोबड आकार काढा, सगळीकडे जाडी ९-१० मिलिमीटर ठेवा, मूठ फार तर १४. वाळल्यानंतर पातं पातळ करा. ओल्या लाकडावर चाकू लोण्यासारखा चालतो, त्यामुळे थांबवत नाही हे खरं, पण शेवटचे ५-६ मिलिमीटर कोरड्यासाठी राखूनच ठेवा.

दुसरं कारण धाग्यांच्या दिशेचं. लाकडाचे धागे सुरीच्या लांबीला समांतर नसून तिरके असतील, तर मानेपाशी ते मध्येच तुटतात आणि तिथे सुरीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. वरची नक्षी बघून धाग्यांची दिशा कळेलच असं नाही, ती फसवी असते. एक खात्रीची पद्धत आहे: तासलेल्या कोरड्या तुकड्यावर पातळ शाईचा एक थेंब टाका आणि अर्धा मिनिट बघत राहा. थेंब गोल राहत नाही. तो दोन्हीकडे बारीक केसांसारखा पसरत जातो, आणि ते केस ज्या दिशेला जातात तीच धाग्यांची दिशा. सुरीच्या रुंद बाजूवरही टाका आणि कडेच्या बाजूवरही. माझ्या एका सुरीत रुंद बाजूवर शाई अगदी सरळ गेली, पण कडेवर चार बोटांच्या आतच पाठीकडून पोटाकडे उतरली. ती सुरी मानेतच मोडली असती. मी तिची लहान चमची केली. शाई नंतर तासली जाते, म्हणून ही परीक्षा आकार काढायच्या आधीच करा.

गाठीभोवतीचा तडा याच जातीचा. गाठ म्हणजे फांदीत शिरलेली दुसरी फांदी. तिचे धागे आडवे, तिचं आकसणं आडवं. मुठीच्या मागच्या टोकाला लहान, घट्ट गाठ असेल तर चालते. पात्यात किंवा मानेत कधीच नको.

तडा नाही, पण सुरी धनुष्यासारखी वाकली

वेचलेल्या लाकडात हा प्रकार जास्त येतो, कारण आपण खोड घेत नाही, फांद्या घेतो. फांदी आडवी वाढते आणि स्वतःचं वजन पेलण्यासाठी एका बाजूला वेगळ्या बांधणीचं लाकूड तयार करते. रुंद पानांच्या झाडांत ते बहुधा फांदीच्या वरच्या बाजूला असतं, देवदार-चीड यांसारख्या सूचिपर्णी झाडांत खालच्या बाजूला. साधं लाकूड लांबीत आकसत नाही असं वर म्हटलं, पण हे लाकूड लांबीतही बऱ्यापैकी आकसतं. सुरीची एक बाजू या लाकडाची आणि दुसरी साध्या लाकडाची असली की एक बाजू आखडते आणि सुरी वाकते.

ओळख सोपी आहे. फांदीच्या कापाकडे बघा. भेंड मधोमध नसून एका बाजूला सरकलेलं असेल, तर ती फांदी सुरीसाठी सोडा. शक्यतो उभी वाढलेली फांदी निवडा. अशा लाकडाची आणखी एक खूण म्हणजे धारदार चाकूनेही ते स्वच्छ कापलं जात नाही, लोकरीसारखे तंतू उठतात. पॉलिश पेपर कितीही मारला तरी ती लोकर जात नाही.

वाक लांबीत नसून पातं आडवं खोलगट झालं असेल, तर कारण वेगळं: तुकडा सालीच्या बाजूने सपाट कापलेला आहे. अशा पात्याची सालीकडची बाजू वाळताना खोल होते. त्रिज्येच्या दिशेने तुकडा काढला की हे थांबतं. झालेला खोलगटपणा थोडा असेल तर वाळल्यावर रंध्याने काढता येतो, म्हणून जाडी राखून ठेवायला सांगितलं.

वाळवायचं कसं

फळ्या वाळवण्याचा जुना ठोकताळा एका इंच जाडीला एक वर्ष असा आहे. सुरीचा तुकडा १० मिलिमीटरचा, आणि तोही ओबडधोबड का होईना पण तासलेला, त्यामुळे त्याला दोन-तीन आठवडे पुरतात. घाई आणि विसर, दोन्हींनी नुकसान होतं.

मी असं करते. तासलेला तुकडा त्याच्याच ओल्या ढलप्यांसकट कागदी पिशवीत घालते आणि पिशवीचं तोंड दुमडते. ढलप्यांमुळे पिशवीतली हवा पहिले काही दिवस दमट राहते आणि तुकडा हळूहळू वाळतो. पिशवी सावलीत, पंख्यापासून आणि खिडकीच्या झोतापासून दूर. रोज एकदा ढलप्या हलवायच्या, नाहीतर बुरशी धरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढलप्या काढून टाकायच्या, तुकडा पिशवीतच ठेवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत वाळवू नका. काम अर्धवट सोडून उद्या पुन्हा कोरायचं असेल तर ओला तुकडा एका रात्रीपुरता प्लास्टिकमध्ये ठेवायला हरकत नाही. त्यापुढे काळे डाग पडायला लागतात.

वाळलं की नाही ते बोटाने कळत नाही. वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. माझ्या एका तुकड्याची नोंद अशी: पहिल्या दिवशी ६२ ग्रॅम, तिसऱ्या दिवशी ५३, सहाव्या दिवशी ४६, दहाव्या दिवशी ४३, तेराव्या दिवशी ४२, सोळाव्या दिवशीही ४२. लागोपाठ तीन-चार दिवस वजन हललं नाही की लाकडाचा हवेशी समतोल झाला. पहिल्या दोन दिवसांतच पाव वजन गेलं तर जागा फार कोरडी आहे, पिशवीवर दुसरी पिशवी चढवा.

हा समतोल हवेप्रमाणे बदलतो हेही ध्यानात ठेवा. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकूड सुमारे १२ टक्के ओलाव्यावर थांबतं, ३० टक्के असेल तर ६ टक्क्यांच्या आसपास, ९० टक्के असेल तर २० टक्क्यांवर. म्हणजे दमट दिवसांत ‘वाळलेली’ सुरी कोरड्या दिवसांत पुन्हा आकसणार. दमट हवेत केलेल्या सुरीचं पातं मी महिनाभर थांबून मगच अंतिम जाडीला आणते. वजन पुन्हा घटतंय का ते त्याआधी बघते.

उन्हात, चुलीजवळ किंवा मायक्रोवेव्हमध्ये वाळवून वेळ वाचवता येतो का, असं विचारलं जातं. पातळ तुकडा मायक्रोवेव्हमध्ये थोडा थोडा वेळ देऊन वाळतो, पण आतून करपायला आणि पेट घ्यायला वेळ लागत नाही. एका सुरीसाठी हा धोका पत्करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वाळताना चांगली राहिली, वापरताना फुटली

मग प्रश्न पाण्याचा आहे. सुरी भांड्यांबरोबर पाण्यात भिजत पडली, डिशवॉशरमध्ये गेली किंवा धुऊन उन्हात ठेवली, की ती दर वेळी फुगते आणि झपाट्याने आकसते. पातळ पातं हे फार वेळा सोसत नाही. कोमट पाण्याने हातानेच धुवा, लगेच पुसा आणि सगळीकडून हवा लागेल अशी ठेवा.

पहिल्यांदा धुतल्यावर पातं खरखरीत होतं, तो मात्र तडा नाही. दबलेले धागे पाण्याने उभे राहतात. तेल लावायच्या आधीच सुरी ओली करा, पूर्ण वाळू द्या, बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा आणि हे दोन-तीनदा करा. शेवटचा हात अगदी धारदार चाकूचा असेल तर खरखर मुळातच कमी येते.

तेलाने तडा थांबत नाही, ओलाव्याची ये-जा थोडी मंदावते इतकंच. कच्चं जवसाचं तेल किंवा अक्रोडाचं तेल हवेत घट्ट होतं म्हणून ते बरं. शेंगदाण्याचं, खोबऱ्याचं तसं घट्ट होत नाही, कालांतराने खवट वास येतो. रंगकामासाठी ‘उकळलेलं’ म्हणून विकलं जाणारं जवसाचं तेल खाण्याच्या वस्तूला नको. त्यात बहुधा लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा आणि दोन-तीन आठवडे सुरी वापरू नका. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका, ते आपोआप तापून पेटतं. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

लाकूड वेचताना झाड ओळखता आलं नाही तर त्याची सुरी करू नका. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, जिला बिट्टीही म्हणतात, या दोन्ही झाडांचे सगळेच भाग विषारी आहेत. चीक गळणाऱ्या अनोळखी फांदीला तर हातही लावू नका. बाभळीसारख्या टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असलेल्या ओल्या लाकडाला लोखंड लागलं की निळे-काळे डाग पडतात. ते विष नव्हे, लिंबाचा रस चोळला की फिके होतात.

तडकलेल्या सुरीचं काय करायचं, हा शेवटचा प्रश्न. चिरेत गोंद आणि भुसा भरून ती झाकता येते, शोभेच्या वस्तूला मी तसं करतेही. लोणी लावायच्या सुरीला करत नाही. भरलेली चीर पाण्याने पुन्हा उघडते आणि तिच्यात शिरलेली चरबी धुऊन निघत नाही, आठवड्यात खवट होते. तडा टोकाला असेल तर सुरी तेवढी आखूड करा. १८ सेंटिमीटरची १४ ची झाली तरी हातात नीट बसते. तडा उभा, मधोमध असेल तर तडाच्या वाटेनेच सुरी फोडा. आत भेंडाची रेघ दिसते का ते बघा, आणि पुढची फांदी फोडायला घ्याल तेव्हा तो तुकडा समोर ठेवा.